शिबिराचं राहू द्या, आधी दुपारचं बघू

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. मी गारमेंटमध्ये शिलाईला जाते. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात रातपाळीला असतात. थोरली मुलगी आता आठवीत जाईल, धाकटा पाचवीत. सुट्टी लागली तेव्हा पुष्कळ ठरवलं होतं. पोहायला घालू, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू, मामाकडे पाठवू. त्यातलं काहीच झालं नाही. आमचा हा गणवेशाचा सीझन, रात्री आठच्या आत सुटका नाही. मुलं सासूबाईंजवळ असतात आणि दिवसभर फोन. जाऊबाईंची मुलं पुण्याला शिबिराला जाऊन आली. घोड्यावर बसल्याचे फोटो आले, ते बघून मला रडूच आलं. शाळा १५ जूनला आहे, म्हणजे पुरते तीन आठवडेही राहिले नाहीत. एवढ्यात काय करून घेता येईल? मुलीचं गणित कच्चं आहे, क्लास लावू का? की पीसचं काम घरी आणून तिला काज-बटणाला बसवू? हाताला वळण लागेल आणि फोनही सुटेल. धाकट्याला नवीन शाळेत घातलंय. तो अलीकडे रात्री पोटात दुखतं म्हणतो.
– एक आई, सोलापूर

उत्तर : धाकट्याच्या पोटाचं तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते. बाकीचं थांबू शकतं.

दिवसा तो खातोपितो, खेळतो, ताप नाही, उलट्या-जुलाब नाहीत आणि दुखणं फक्त अंथरुणावर पडल्यावरच सुरू होतं, असं असेल तर ते बहुतेक शाळेचं दुखणं आहे. झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, एकाच बाजूला दुखत असेल किंवा जेवण कमी झालं असेल, तर मात्र हे सदर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. चौथीपर्यंत एक बाई, एक वर्ग, सगळी गल्लीतलीच पोरं. पाचवीला एकदम हायस्कूल. तासातासाला वेगळे सर, वरच्या वर्गातली मिसरूड फुटलेली मुलं, शाळा घरापासून लांब. दहा वर्षांचं पोर ‘मला भीती वाटते’ असं सांगत नाही, पोटावर हात ठेवतं.

त्याला समजावत बसू नका. रस्ता दाखवा. शाळा भरायची जी वेळ आहे त्याच वेळेला थोरलीने त्याला घेऊन घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जायचं. आधी ती पुढे, तो मागे. मग एक दिवस तो पुढे आणि ती दहा पावलं मागे. कुठे रस्ता ओलांडायचा, कुठल्या दुकानाशी वळायचं, कुत्री कुठल्या बोळात असतात, हे त्याने तिला सांगायचं. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात ऑफिस प्रवेशासाठी उघडं असतं. मिस्टर सकाळी पाळीवरून आले की झोपण्याआधी अर्धा तास काढून त्यांनी त्याला आत न्यावं आणि शिपायाला विचारून पाचवीचा वर्ग, पाण्याचा नळ आणि मुतारी दाखवावी. हसू नका. नवीन शाळेची निम्मी धास्ती मुतारीचीच असते. कुठे आहे माहीत नसतं, विचारायची लाज वाटते, मग पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत. जुन्या शाळेतलं आणखी कोणी त्याच शाळेत चाललंय का, तेही शोधा. एक जरी निघालं तरी त्या दोघांना १५ तारखेच्या आधी चार-दोनदा खेळायला एकत्र आणा. माझ्या मते तुमच्या उरलेल्या सुट्टीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

आता फोन. ‘दिवसभर फोन’ असं लिहिलंय, आणि त्याचं कारणही तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते कारण म्हणून लिहिलेलं नाही. मिस्टर रातपाळीला. म्हणजे सकाळी येऊन ते झोपणार. घर दोन खोल्यांचं असावं असं मी धरते. तिथे पोरांनी ओरडायचं नाही, भांडायचं नाही, हातातून भांडं पडू द्यायचं नाही. बाहेर ४२-४३ अंश. वर पत्रा असेल तर आतही तेच. अशा घरात पोरांना गप्प बसवणारी एकच वस्तू आहे आणि सासूबाईंनी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? रात्रभर राबून आलेल्या माणसाची झोप राखायची तर कोणीतरी पहाऱ्याला हवं, ते काम तुमच्या घरात फोन करतोय.

त्यामुळे तीन आठवड्यांत काय शिकवायचं याच्या आधी अकरा ते पाच पोरं बसतील कुठे, हे ठरवावं लागेल. सकाळचं आणि संध्याकाळी ऊन उतरल्यानंतरचं सोलापुरात कोणाला ठरवून द्यावं लागत नाही, पोरं आपसूक गल्लीत असतात.

तुमच्या गल्लीत याच अडचणीतली आणखी तीन-चार घरं असणार. त्यांच्याशी बोला आणि दुपारी वाटून घ्या. आज या घरी, उद्या त्या घरी, जिथे मोठं माणूस जागं आहे तिथे. अट एकच ठेवा, तिथे फोन न्यायचा नाही. तुमच्या घरी दुपार जमणार नाही हे सरळ सांगा, आणि बदल्यात दुसरं काही द्या. तुमच्याकडे द्यायला आहे की! जून आला की घरोघरी कोणाचा स्कर्ट आखूड झालेला असतो, कोणाच्या पँटची चेन गेलेली असते. सुटीच्या वारी तासभर बसून चार घरांचे जुने गणवेश नीट करून दिलेत, तर दुपारी तुमची दोन पोरं सांभाळायला कोणी नाही म्हणणार नाही. त्या घरी दुपारभर करायचं काय, हे मात्र ठरवून देऊ नका. पत्ते, सागरगोटे, कॅरम, भांडणं. मग कंटाळतील. कंटाळू देत, त्यातूनच काहीतरी काढतात.

फोन पुरता बंद करायला जाऊ नका. केलात तर सासूबाई आणि नातवंडं यांच्यात रोजचं युद्ध होईल, आणि ते मिटवायला तुम्ही घरी नाही. दुपारी शेजारून परत आल्यावर तासभर, वेळ ठरलेली. एवढं पाळलं गेलं तरी या तीन आठवड्यांत पुष्कळ झालं.

पीसच्या कामाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. घरी आणू नका. पीसचं काम सुट्टीपुरतं राहत नाही. गणवेशाच्या ऑर्डरी शाळा सुरू झाली म्हणून थांबत नाहीत, उलट तेव्हाच मालक घाई करतो. हिशेब नगावर असतो, त्यामुळे ‘आज एवढे कर, मग अभ्यासाला बस’ हे पहिले चार दिवस चालतं. आपल्या शहरात विडीच्या घरांतून हे पिढ्यान्‌पिढ्या झालंय. आई विड्या वळते, मुलगी शेजारी बसून पानं कापते, मग दोरा बांधते, मग आईच्या बरोबरीने वळायला लागते. तिची शाळा नेमकी कधी सुटली, हे नंतर घरात कोणाला सांगता येत नाही. सासूबाईंनी आजूबाजूला असं पाहिलं असेल, त्यांना विचारून बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करायची तेवढी सूट ठेवलीय. मालकाचा माल घरी आणला म्हणून तो घरचा धंदा झाला, असं मी तरी मानत नाही.

हाताला वळण हवं असेल तर तुमचा टेप तिच्या हातात द्या. गणितासाठीसुद्धा.

कारण ‘गणित कच्चं’ म्हणजे नेमकं काय कच्चं, हे आधी बघायला हवं. आठवीत जाणाऱ्या मुलीचं अडलेलं असतं बहुधा पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपाशी, आणि मग शेकडेवारी, गुणोत्तर, समीकरणं सगळं डळमळतं. तिला विचारा, एक छेद चार अधिक तीन छेद आठ किती? वरचे आकडे वरच्यांत मिळवून, खालचे खालच्यांत मिळवून तिने ‘चार छेद बारा’ असं सांगितलं, तर दुखणं सापडलं म्हणायचं. रागावू नका. पुष्कळ मुलं हेच उत्तर देतात.

मग टेप काढा. तुम्ही रोज सुतावर काम करता. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. एक छेद चार म्हणजे पाव इंच, म्हणजे दोन सूत. तीन छेद आठ म्हणजे तीन सूत. दोन आणि तीन पाच सूत, म्हणजे पाच छेद आठ. झालं गणित. आता तिचं चार छेद बारा टेपवर कुठे येतं ते तिलाच शोधू द्या. चार छेद बारा म्हणजे इंचाचा तिसरा भाग, तो तीन सुतांच्याही अलीकडे पडतो. म्हणजे तीन सूत कापडाला आणखी दोन सूत जोडलं आणि कापड कमी झालं! हे टेपवर बोट ठेवून बघितलं की तिचं तिलाच हसू येईल. छेद सारखे का करायचे, हे त्यानंतर कोणी समजावून सांगायला नको. पाव आणि अष्टमांश दोन्ही सुतात मोजले, एवढंच तर केलं.

पुढचा धडा तिच्याच गणवेशाचा. गेल्या वर्षीच्या स्कर्टची दुमड तिला उसवू द्या. समजा ती अडीच इंच आहे आणि नव्या टीपेसाठी पाऊण इंच ठेवायचाय, तर स्कर्ट किती लांब होईल? आजी पटकन सांगतील, पावणेदोन. शाळेतल्या वहीत हेच आडव्या रेघेच्या वर-खाली मांडलं की मुलीला परकं वाटतं, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लिहायला लावा: पाऊण, आणि तीन छेद चार. दुमड तिनेच घालावी, बटणं तिनेच लावावीत, धाकट्याचीसुद्धा. शेकडेवारीसाठी नवं कापड शंभर सेंटिमीटर मापून धुवायचं, वाळलं की परत मापायचं. ९६ भरलं तर किती टक्के आटलं? तुमच्या धंद्यात हे चुकलं तर माल परत येतो, हेही तिला सांगा.

क्लास लावू नका. तीन आठवड्यांच्या क्लासवाले सगळ्यांना एकच धडा पहिल्यापासून शिकवतात, तिचं अडलंय तिथे पोचेपर्यंत शाळा सुरू होते. जुनी पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासूनची सगळी फुकट मिळतात, घरातल्या त्या फोनला निदान हे एक चांगलं काम द्या. रोज सकाळी उन्हाच्या आधी चार उदाहरणं, आणि ती तिने धाकट्याला समजावून सांगायची. दुसऱ्याला सांगताना आपलं कुठे अडतं ते बरोबर कळतं. इंग्लिश स्पीकिंगचंही तेच. दिवाळीच्या सुट्टीत बघा.

धाकट्याला सासूबाईंच्या हाताखाली द्या. सोलापुरात राहून पोराला शेंगाचटणी येत नाही म्हणजे काय? शेंगदाणे खमंग भाजायचे, चोळून सालं पाखडायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे. मिक्सरला लावले तर कोरडा भुगा होतो. कुटत राहिलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर गोळा धरते. तिथपर्यंत हात थांबवायचा नाही, हे त्याला शिकू दे. फक्त वेळ संध्याकाळची ठेवा, दुपारी उखळ वाजलं तर मिस्टर उठतील. आणि मुलगा आहे म्हणून ताट उचलण्यापासूनही सूट नको.

पोहण्याचं राहिलं ते यंदा राहू द्या. शिकवणारा माणूस असलेला तलाव मिळाला तर ठीक. गल्लीतल्या थोरल्या पोरांबरोबर विहिरीवर किंवा कालव्यावर अजिबात पाठवू नका. मे महिन्यात अशा बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात.

जाऊबाईंच्या फोटोंबद्दल काय लिहू! शिबिरात घोड्यावर पाच मिनिटं बसवतात आणि फोटो तेवढेच येतात. उरलेला दिवस तिथलीही पोरं कंटाळतच असतात. तुमचं रडू मला समजतं, पण ते घोड्याचं नाही. मुलांच्या सुट्टीच्या महिन्यातच तुमच्या कामाचा डोंगर येतो, याचं आहे. जूनमध्ये गावोगावची पोरं कोरे करकरीत गणवेश घालून शाळेत जातात, त्यातले कितीतरी आपल्या सोलापुरात शिवलेले असतात. हे तुमच्या मुलांनी पाहिलंय का? मालकाला विचारून एकदा पंधरा मिनिटं त्यांना आत न्या. टेबलावर कापडाचे थर एकावर एक कसे अंथरतात, वर खडूने माप आखून सगळे थर एकदम कसे कापतात, तुम्ही कुठल्या मशीनवर बसता, कॉलर किती वेळात लावता. आई आठपर्यंत का येत नाही, याचं उत्तर त्यांना डोळ्यांनी दिसू द्या. बघायला न्या, कामाला नको.

संध्याकाळी मिस्टर पाळीला जाण्याआधी तासभर मोकळे असतील तर थोरलीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेऊन आणू द्या. आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाच्या धड्यात सोलापूर येतं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि सरकारने शहरात लष्करी कायदा लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. हे सगळं तिच्या बापाने सांगावं. स्वतः मागावर काम करणाऱ्या माणसाने गिरणी कामगारांची गोष्ट सांगणं आणि बाईंनी वर्गात सांगणं यात फरक पडतो.

मृग निघाला की झोपेचं बघा. सुट्टीत रात्री बारापर्यंत जागलेली पोरं १५ तारखेला एकदम सहाला उठत नाहीत. आठवडाभर रोज पाव तास लवकर झोपवायचं आणि पाव तास लवकर उठवायचं, बस.

आणि एक सकाळ चौघांनी मिळून बाहेर काढा, सासूबाई येत असतील तर पाचही जणांनी. सुटीच्या वारी, शेजाऱ्यांबरोबर गाडीचे पैसे वाटून, हत्तरसंग कुडलला जाऊन या. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथे. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो मोजतात. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात कोरलंय. पोरांना अक्षरं लावायला सांगा, एखादं लागतंच. शेजारी ३५९ लहान शिवमुखं कोरलेलं एकच मोठं शिवलिंग आहे. ती धाकटा मोजायला बसला तर दिवस जाईल, त्याला एका ओळीतली मोजून गुणाकाराने अंदाज काढायला लावा. पहाटे साडेपाचला निघा म्हणजे दहाच्या आत घरी याल. कडक भाकरी आणि त्याने कुटलेली चटणी बरोबर घ्या, पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. नदीत मात्र कोणालाही उतरू देऊ नका. पात्रात वाळू उपसलेले खड्डे असू शकतात आणि वरून खोलीचा अंदाज येत नाही.